खोपा आणि वही
खुटबाव स्टेशनकडे जाताना विहिरीवर लटकलेले सुगरणीचे खोपे पाहिलेत ना? पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी ते १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला पाहिले. हातची नोकरी गेली होती, पण वही होती. रोज नोंदी करता करता त्यांना कळलं, खोपा विणतो नर; मादीनं पसंत केला की गडी दुसरा विणायला घेतो!

पुढे १९६८ ते १९७४ मध्ये अमेरिकेच्या डिलन रिप्लींसोबत त्यांनी आपल्या उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंड काढले. त्यात स्वतःच्या नोंदींबरोबर कितीतरी जणांच्या, कित्येक वर्षांच्या नोंदी एकत्र आणल्या. १९८७ मध्ये ते गेले. नोंदी आजही कामाला येतात.

तुम्हीही खोपे मोजा, तारीख-ठिकाण लिहा. एकट्याची वही छोटीच. पण वर्षानुवर्षांच्या वह्या जोडल्या, की कुठला पक्षी कमी झाला ते कळतं.