सुभेदार रामजी मालोजी सकपाळ : मातृविहीन लेकरांचे पितृछत्र

महाडहून सावित्रीच्या पात्राच्या अनुरोधाने बाणकोटच्या खाडीकडे निघाले, की नदीच्या दक्षिण अंगास मंडणगड तालुक्याचा डोंगराळ मुलूख लागतो. त्या मुलखातील आंबडवे हे लहानसे गाव. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे हे मूळ गाव होय. महाडच्या चवदार तळ्यावर १९ व २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते आपल्या परिसरातील लहानथोरांस ठाऊक आहे आणि त्या घटनेचे नायक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्रही सर्वश्रुत आहे. परंतु ज्या पित्याने पत्नीच्या निधनानंतर या मुलाला वाढविले, त्या रामजी सुभेदारांचे नाव बहुधा चरित्राच्या पहिल्या प्रकरणातच येते आणि तेथेच मागे राहते. वास्तविक त्यांचे जीवन स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजात त्यांचा जन्म झाला. वडील मालोजी हे लष्करात होते, त्यामुळे रामजींची वाटही तिकडेच वळली. त्या काळी सैन्यातील शिपाई व त्यांची मुले यांना शिक्षण देण्याची व्यवस्था असे. रामजींनी तिचा पुरेपूर लाभ घेतला, शिक्षकाचे शिक्षण पूर्ण केले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकपद सांभाळले. सुभेदार हा हुद्दा त्यांनी मिळविला खरा, पण वृत्तीने ते अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. कबीरपंथाचे ते अनुयायी होते व महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांना आदर होता. लष्करात हयात घालवूनही कोणत्याही व्यसनाने त्यांना स्पर्श केला नाही. त्यांचा विवाह मुरबाडकर या लष्करी पेशाच्याच घराण्यातील भीमाबाईंशी झाला. या दांपत्यास चौदा अपत्ये झाली, मात्र त्यांपैकी बहुतेक अल्पायुषी ठरली. चौदावे अपत्य म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीम.

सेवानिवृत्तीनंतर दरमहा पन्नास रुपये निवृत्तिवेतन घेऊन रामजी सहकुटुंब दापोलीच्या कॅम्पात येऊन राहिले. कोकणातील अनेक निवृत्त महार सैनिकांनी तेथे घरे केली होती. महाड तालुक्यातील रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे त्याच मंडळींपैकी होते. दापोलीत रामजींचे मन फार काळ रमले नाही. मुलांचे शिक्षण आणि संसाराचा खर्च यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी साताऱ्यास सार्वजनिक बांधकाम खात्यात कोठाराच्या देखरेखीची नोकरी धरली आणि बिऱ्हाड तिकडे हलविले. तेथेच १८९६ साली भीमाबाईंचे निधन झाले. भीम त्या वेळी अवघा पाच वर्षांचा होता. त्यांची समाधी साताऱ्यासच आहे.

आईविना घर ही काय अवस्था असते, हे ज्याच्यावर बेतते तोच जाणतो. पन्नाशीकडे झुकलेला बाप, बलराम, आनंदराव व भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा व तुळसा या मुली, आणि थोरल्या मुलीच्या मृत्यूनंतर तिची पोरकी झालेली मुले, इतक्यांचा भार एका नोकरीवर व पन्नास रुपयांच्या पेन्शनवर होता. रामजींची थोरली बहीण मीराबाई घरी होती. ती अत्यंत प्रेमळ होती. उंचीने ठेंगणी आणि पायांनी अधू असल्यामुळे तिला उठता-बसताना दुसऱ्याचा आधार लागे. तरीही पोरक्या भीमला मायेची ऊब लाभली ती याच आत्याच्या कुशीत.

घराबाहेरचे जग या मुलांना फारसे साह्य करणारे नव्हते. साताऱ्यात धोबी होते आणि धुलाईचे पैसे देण्याची ऐपतही घरात होती. परंतु त्या घरचे कपडे धोबी हातात धरीत नसत, म्हणून ते बहिणी धूत. न्हावी केसांना हात लावीत नसे, म्हणून भावांचे केस थोरली बहीण कापी. शाळेत बसण्यासाठी भीमला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय तहान भागत नसे. रामजींना हे सर्व दिसत होते. ते बदलणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांच्या हाती होता तो फक्त घराचा उंबरठा आणि त्याच्या आतला दिवस, आणि त्या दिवसाला त्यांनी जी शिस्त लावली तीच या मुलांची खरी ठेव ठरली.

रोज रात्री आठ वाजता घरातील सर्व मुलांनी एकत्र जमलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. बहिणी भजने म्हणत, वडील कबीराचे दोहे म्हणून दाखवीत, आणि त्यानंतरच निजानीज होई. रामायण-महाभारताचे वाचनही नेमाने होत असे. भीम मोठा झाल्यावर या ग्रंथांविषयी वडिलांना अवघड प्रश्न विचारी व त्यांच्याशी वादही घाली. पण त्या रात्रींची आठवण त्याने आयुष्यभर जतन केली आणि अखेरच्या काळात बुद्धाविषयीच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत ती आवर्जून नोंदविली. पन्नास-साठ वर्षांनंतरही माणसाला ज्या संध्याकाळी आठवतात, त्यांसाठी एक पैदेखील खर्च झालेली नव्हती.

इंग्रजीचा पायाही घरातच घातला गेला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला रामजींनी मुलाकडून तोंडपाठ करून घेतल्या. योग्य जागी योग्य शब्द कसा शोधावा याचे वळण त्यांनीच लावले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

पुढे नोकरीनिमित्त रामजींना खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे जावे लागले. दुष्काळात उपासमारीने मरणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदावयास घेतला होता व त्या कामावर ते खजिनदार होते. मुले आत्याजवळ साताऱ्यास राहिली. बहिणी लग्न होऊन सासरी गेल्या होत्या आणि आत्याला चूल सांभाळणे शक्य नव्हते. ती चार मुलेच शाळा सांभाळून स्वयंपाक करीत. भाकरी थापणे जमत नसे, म्हणून सोपा पडणारा पुलाव शिजवून त्यावर दिवस काढीत. बाप पैसा मिळविण्यासाठी दूर आणि मुले चुलीपाशी एकटी, ही ओढाताण व्यापारधंद्यानिमित्त गाव सोडलेल्या घरांना नव्याने सांगावयास नको.

१९०१ च्या उन्हाळ्याच्या सुटीत रामजींनी मुलांना गोरेगावास बोलाविले. बोलावणे येताच घरात आनंदीआनंद झाला. प्रवासासाठी विलायती धर्तीचे नवे सदरे शिवून आले, लखलखीत टोप्या आल्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे आली. कापडाचा भाव जाणणाऱ्या कोणाही माणसाने पन्नास रुपये पेन्शनीशी याचा हिशोब मांडून पाहावा. आईविना वाढणारी आपली मुले चारचौघांत कोठेही उणी दिसू नयेत, ही त्या कुटुंबाची धडपड त्यात दिसते.

मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणीही आले नव्हते. नव्या पोशाखामुळे स्टेशनमास्तरांना ती एखाद्या प्रतिष्ठित घरची वाटली. परंतु जात कळताच ते गृहस्थ मागे सरले. गाडीवानांपैकी कोणी त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि गाडीवानाने शेजारून पायी चालावे या अटीवर. फराळाचे जवळ होते, पण वाटेत पिण्याजोगे पाणी कोणी दिले नाही आणि पाण्यावाचून घास उतरला नाही. जकातनाक्यावरही पाणी नाकारले गेले. रात्र तशीच भुकेल्यापोटी काढून दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती गोरेगावी पोहोचली, तेव्हा त्यांना समोर पाहून रामजी चकित झाले. मुले निघाल्याचे पत्र नोकराच्या हाती पडले होते, पण ते मालकांस देण्याचे तो विसरला होता. नऊ-दहा वर्षांच्या भीमच्या मनावर हा प्रवास कायमचा कोरला गेला. सुटीच्या आनंदासाठी बापाने योजलेली सहल अशी निराळीच शिकवण देऊन गेली.

साताऱ्याच्या वास्तव्यातच रामजींनी दुसरा विवाह केला. संसाराची घडी बसावी म्हणून त्या काळी हे रूढच होते व त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि भीमला तो सहन झाला नाही. आईचे दागिने सावत्र आई जिजाबाई यांच्या अंगावर पाहून त्याचा जीव तुटे. बापाच्या अन्नावर राहावयाचे नाही, मुंबईस जाऊन गिरणीत काम धरावयाचे, असे त्याने मनाशी ठरविले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढून घेण्याचा प्रयत्न त्याने तीन रात्री केला. चौथ्या रात्री ती हाती लागली तेव्हा आत अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने मुलाचे डोळे उघडले. पळून जाण्याचा विचार सोडून, अभ्यास करून लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निश्चय त्याने केला. रामजींच्या पितृत्वाची कथा सांगताना हा भाग गाळणे योग्य होणार नाही. पोरक्या मुलाचे दुःख आणि एकाकी पुरुषाची अडचण एकाच छपराखाली नांदत होती व दोघेही आपापल्या जागी खरे होते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. तीत चूल, जाते, भांडी, सरपण, शेळी आणि सर्व माणसे. भीम एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. दोघा मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा आनंदराव शाळा सोडून नोकरीस लागले. या थोरल्या भावाच्या त्यागाचा उल्लेख फार क्वचित होतो, म्हणून येथे तो मुद्दाम केला आहे.

खोलीत दोघांना पाय पसरण्यापुरती जागा नसे. त्यावर रामजींनी तोड काढली. मुलाने लवकर निजावे. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसत, मग मुलाला उठवून दिव्यापाशी अभ्यासास बसवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. सेवानिवृत्त, उतारवयाचा माणूस वर्षानुवर्षे हे जागरण करीत राहिला.

भीमला पुस्तकांचा विलक्षण नाद होता. शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तकेही तो मागे आणि रामजी नाही म्हणत नसत. खिशात पैसे नसले की ते मुंबईतच राहणाऱ्या धाकट्या विवाहित मुलीकडे जाऊन चार रुपये उसने मागत. तिच्याजवळ नसले तर थोरलीकडे जात आणि तिचा एखादा दागिना मागून आणीत. तो मारवाड्याकडे गहाण पडे व त्या पैशांतून पुस्तक येई. पेन्शन हाती आली की प्रथम दागिना सोडवून मुलीस परत केला जाई. पेढीवर नित्य अनेक दागिने येतात आणि जातात. त्यामागे कोणाचे काय गुंतले आहे याची नोंद खातेवहीत होत नाही. लेकीच्या सासरी जाऊन तिचा दागिना मागणे बापाला किती जड जात असेल! पण मागितलेली वस्तू त्यांनी वेळेवर परत केली, म्हणूनच पुढच्या खेपेस पुन्हा मागता आली. व्यवहारातील पत याहून निराळी नसते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. त्यानिमित्त झालेल्या सत्कार सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. परिस्थिती नसतानाही मुलाला पुढे शिकविण्याचा निर्धार रामजींनी कायम ठेवला. पुढे केळूसकरांच्याच खटपटीने श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली भीमराव बी. ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाला.

त्यानंतर बडोदे संस्थानातील नोकरीवरून पितापुत्रांत मतभेद झाला. तिकडे आपल्या मुलाला अवहेलना सोसावी लागेल या काळजीने रामजींचा विरोध होता. भीमराव १९१३ च्या जानेवारीत बडोद्यास गेलाच. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो सुरत स्थानकावर उतरला आणि तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने तो मुंबईस पोहोचला तेव्हा रामजींची नजर त्याचीच वाट पाहत होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरविला आणि प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. घरात शिल्लक म्हणावी अशी रक्कम नव्हती. होती ती पुस्तके.

त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेस गेले. पुढे १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या चलनप्रश्नावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. तो त्यांनी आई व वडील या दोघांच्या स्मृतीस अर्पण केला असून, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग व दाखविलेली दृष्टी यांविषयी त्या अर्पणपत्रिकेत कृतज्ञता व्यक्त केली आहे.