दप्तरखान्याचा वाटाड्या : पांडुरंग पिसुर्लेकर

घरात शंभर वस्तू असल्या, पण हवी ती वस्तू वेळेवर सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच. कागदपत्रांचेही तसेच आहे. कोठे ठेवला आहे हे कोणासच ठाऊक नसलेला कागद मुका असतो. अशा हजारो मुक्या कागदांना वाचा देणारे इतिहाससंशोधक पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर हे आपल्या कारापूरच्या शेजारच्या सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावचे. त्यांचा जन्म १८९४ सालचा.

गोव्याचा सरकारी दप्तरखाना १५९५ साली स्थापन झाला. दियोगु दु कोतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक. पुढे तीन शतकांहून अधिक काळ तेथे कागद साचत गेले. पोर्तुगालची गलबते मोसमी वाऱ्यांवर येत व जात. त्यांतून राजाची पत्रे येत आणि येथील उत्तरे जात. म्हणून त्या पत्रसंग्रहाला मोसमाचेच नाव पडले. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार निराळ्या ग्रंथांत नोंदलेला होता. छत्रपती शिवाजी महाराज, संभाजी महाराज, सावंतवाडीचे भोसले यांच्या कितीतरी हकीगती या दप्तरांत दडलेल्या होत्या. परंतु भाषा पोर्तुगीज, वळण जुने, आणि त्यात कसर व दमट हवा यांचा उपद्रव! मराठी अभ्यासकाने तेथे काय शोधावे आणि कोठे शोधावे?

१९३० च्या सुमारास या दप्तरखान्याची सूत्रे पिसुर्लेकरांच्या हाती आली व सुमारे तीस वर्षे त्यांनी ती सांभाळली. ते केवळ किल्ल्या राखीत बसले नाहीत. कोणत्या मालिकेत कोणत्या काळचे व कोणत्या विषयाचे कागद आहेत, हे त्यांनी पारखून पाहिले. १९५५ साली त्यांनी या दप्तरांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली व तिला 'रोतैरु' असे नाव दिले. खलाशी ज्या पोथीवरून सागरातील वाट ओळखीत, तिलाही पोर्तुगीज भाषेत रोतैरुच म्हणतात. किती समर्पक नाव!

वाट दाखवूनही ते थांबले नाहीत. मूळ कागद एकच. तो वारंवार हाताळला तर झिजतो, आणि वाळवीने खाल्ला तर कायमचा जातो. पण तोच छापला, की त्याच्या शेकडो प्रती ठिकठिकाणी सुरक्षित राहतात. त्यांनी १६१८ ते १७५० या काळातील राज्यमंडळाचे ठराव पाच खंडांत छापून काढले. मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९६७ साली पुणे विद्यापीठाने मराठीत प्रसिद्ध केला. जे ज्ञान परक्या भाषेच्या कुलपात होते, ते अशा रीतीने आपल्या घरी आले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ते कागद राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेले होते; आमची बाजू त्यांत आपण होऊन कोण मांडणार? परंतु प्रतिपक्षाने जपलेला कागदही नीट वाचला, तर आपल्या पूर्वजांविषयी साक्ष देतो. तो वाचण्यासाठी मात्र प्रतिपक्षाची भाषा शिकावी लागते. पिसुर्लेकरांनी ती शिकून घेतली.

१९६९ साली ते निवर्तले. त्यांचा ग्रंथसंग्रह गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्या नावाने जतन केलेला आहे. आज संगणकात हजारो पाने साठवता येतात. तरीही सूची नसेल तर शोधणारा चाचपडतच राहतो. विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरच्या जुन्या पेटीतील कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकवार उलगडून पाहा, त्यांची यादी करा, आणि मगच पुन्हा जपून ठेवा.