न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे विद्यापीठ

उपकार स्मरणे हे सज्जनाचे लक्षण होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. आईबापांचे उपकार मनुष्य सहसा विसरत नाही. गुरूचेही नाव तो आदराने घेतो. परंतु ज्या संस्थेने त्याला विद्या दिली, तिची आठवण मात्र पदवीचा कागद हाती पडताच पुष्कळांच्या मनातून निघून जाते. पुढे कधी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे निमंत्रण आले, तर जुने सोबती भेटतील, फराळ होईल, छायाचित्र निघेल, एवढ्याच हेतूने कोणी जातो. आणि एवढ्यासाठी कशाला जावयाचे, असे म्हणून कोणी घरीच राहतो. विद्यासंस्थेशी असलेला आपला संबंध याहून काही निराळा व खोल असू शकतो काय, याचा विचार करू लागलो म्हणजे एका थोर पुरुषाचे चरित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते चरित्र न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे होय. समाजसुधारक, न्यायाधीश, अर्थशास्त्रज्ञ व इतिहासकार या नात्यांनी त्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांना आहेच. आज आम्ही त्यांच्याकडे मुंबई विद्यापीठाचे एक माजी विद्यार्थी एवढ्याच दृष्टीने पाहणार आहो.

महादेवरावांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे वडील पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीस गेल्यामुळे मुलाचे बाळपण कोल्हापुरास गेले आणि मराठी व इंग्रजी शाळेतील आरंभीचे शिक्षणही तेथेच झाले. त्या काळी कोल्हापुराहून मुंबईस जाणे म्हणजे मोठाच प्रवास होता. तरीही मुलाची बुद्धी पाहून वडिलांनी त्याला चौदापंधराव्या वर्षी मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत पाठविले. मुलगा अबोल, अंगाने जाडजूड, वागण्यात काहीसा संथ असा होता. पाहणाऱ्याला त्याच्या अंगच्या तेजाची कल्पना सहज येत नसे. परंतु पुस्तक हाती पडले की तो जगाला विसरत असे. या अखंड वाचनाने त्यांचे डोळे तरुणपणीच अधू झाले व तो त्रास त्यांना जन्मभर पुरला.

ते मुंबईस आले त्याच सुमारास, 1857 साली, कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली. आज आपण ज्याला मुंबई विद्यापीठ म्हणून ओळखतो, त्याला तेव्हा स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. राजाबाई टॉवर, ज्याकडे बोट दाखवून आपण मुलांना विद्यापीठ दाखवितो, तो पुरा होण्यास 1878 साल उजाडावे लागले. अशा या घर नसलेल्या विद्यापीठाने 1859 साली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. तीत अवघे 21 विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत रानडे होते. पुढे 1862 साली बी. ए. ची पहिली परीक्षा झाली, तेव्हा चौघेच पदवीधर झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सबंध मुंबई इलाख्याचे पहिले पदवीधर एका बाकावर मावतील एवढेच होते. रानडे 1864 साली एम्. ए. झाले व 1866 साली त्यांनी एल्एल्. बी. ची पदवी मिळविली.

विद्यार्थिदशेत त्यांना दक्षिणा फेलोची जागा मिळाली होती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जात असे, तिच्याच निधीतून पुढे ही विद्यावेतने ठेवण्यात आली होती. याच काळात एक प्रसंग घडला तो विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. एका निबंधात रानड्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अंमलाशी तुलना केली आणि मराठ्यांच्या बाजूने कौल दिला. महाविद्यालयाचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे मोठे विद्वान गृहस्थ. रानड्यांवर त्यांचा लोभही होता. तथापि हा निबंध त्यांना रुचला नाही. त्यांनी विद्यार्थ्याला बोलावून समज दिली आणि त्याची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली.

एखाद्या मानी तरुणाने त्या दिवशीच संस्थेशी मनातून काडीमोड घेतली असती व त्यास कोणी दोषही दिला नसता. रानड्यांनी तसे केले नाही. त्यांनी आपले मतही सोडले नाही आणि संस्थेविषयी कटुताही धरली नाही. ग्रँटसाहेबांच्या विद्वत्तेबद्दल त्यांचा आदर पुढेही तसाच राहिला. आणि मराठ्यांच्या राज्याविषयी जे सांगावयाचे होते, ते त्यांनी सुमारे चाळीस वर्षांच्या अभ्यासानंतर मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात 1900 साली शांतपणे व साधार सांगितले. ज्या संस्थेने एकदा आपणांस शिक्षा केली, तिच्यावरही प्रेम करता येते आणि तिची चूक तिला दाखवून देता येते, हे दोन्ही त्यांच्या चरित्रावरून दिसते.

1865 साली, वयाची अवघी 23 वर्षे झाली असता, रानडे विद्यापीठाचे फेलो झाले. काल परीक्षेच्या दालनात बसणारा विद्यार्थी आज परीक्षांचे नियम ठरविणाऱ्या मंडळात बसू लागला. 1868 पासून 1871 पर्यंत त्यांनी आपल्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातच अध्यापन केले. त्यानंतर ते सरकारी न्यायखात्यात गेले व पुण्यास त्यांची नेमणूक झाली. अध्यापकाची जागा सुटली, परंतु शिकविण्याचा छंद सुटला नाही. 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती त्यांच्या पुढाकाराने. 1878 साली लोकहितवादींच्या सहकार्याने त्यांनी मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन पुण्यास भरविले. घरी त्यांनी आपल्या पत्नी रमाबाई यांना स्वतः शिकविले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या धाकट्या पदवीधराला त्यांनी वर्षानुवर्षे जवळ बसवून अभ्यासाची व लेखनाची शिस्त लावली. विद्यापीठाने दिलेले ज्ञान विद्यापीठाच्या भिंतीबाहेर पोहोचविणे हीच त्याची खरी परतफेड, असे त्यांच्या वर्तनावरून म्हणता येते.

आता त्या पहिल्या चार पदवीधरांकडे पुन्हा वळू. पदवी मिळाल्यावर हे सोबती आपापल्या वाटेने निघून गेले नाहीत. 1867 साली मुंबईस प्रार्थना समाजाची स्थापना झाली, तेव्हा त्या कार्यात हे चौघेही येऊन मिळाले. मुलींच्या उच्च शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून 1884 साली पुण्यास हुजूरपागेची शाळा निघाली. तिच्या संस्थापकांत रानडे, भांडारकर व मोडक अशी तिघांची नावे आहेत. म्हणजे एका वर्गातील तीन विद्यार्थी पदवीनंतर बावीस वर्षांनी एकत्र आले ते आपल्याला मिळाली तशी विद्या मुलींनाही मिळावी म्हणून. माजी विद्यार्थ्यांचा याहून चांगला मेळावा आम्हांस तरी ठाऊक नाही.

1893 हे वर्ष रानड्यांच्या आयुष्यात मोठ्या मानाचे व तितक्याच दुःखाचे ठरले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे याच विद्यापीठाचे नामांकित पदवीधर, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. ते त्या वर्षी वयाच्या अवघ्या 43 व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या न्यायासनावर रानड्यांची नेमणूक झाली, आणि कुलगुरूचे पद रानड्यांचे वर्गबंधू डॉ. भांडारकर यांजकडे आले. आपल्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या मित्राच्या जागी बसताना रानड्यांच्या मनास काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु ते दुःख करीत बसले नाहीत. आपल्या विद्यापीठाचे इतके हुशार पदवीधर भर उमेदीत का मरतात, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. मृत पदवीधरांची माहिती त्यांनी जमविली आणि 1894 साली त्या विषयावर निबंध वाचला. परीक्षांचे असह्य ओझे, एका विषयात नापास झाले तरी सर्व विषय पुन्हा देण्याची सक्ती आणि शरीराच्या आरोग्याची हेळसांड यांकडे त्यांनी बोट दाखविले. हे सर्वांनाच पटले असे नाही. पुष्कळ वादही झाला. परंतु आपल्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांपैकी कोण जिवंत आहे, कोण गेला आणि का गेला, याची विचारपूस करणारा एक माजी विद्यार्थी निघाला, ही गोष्ट त्या वादाहून मोठी आहे.

मुंबईस राहावयास आल्यावर सिंडिकेटचे सभासद या नात्याने त्यांनी दुसरे एक जुने कार्य नेटाने पुढे रेटले, ते मराठीचे. विद्यापीठाच्या अगदी आरंभीच्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. परंतु थोड्याच वर्षांत, म्हणजे रानडे पदवीधर होऊन फार दिवस लोटले नाहीत तोच, वरच्या परीक्षांतून त्या काढून टाकण्यात आल्या व त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. परिणाम असा झाला की, मराठी मुलगा पदवीधर होई, पण मराठीत चार ओळी नीट लिहिण्याचा सराव त्याला उरत नसे. विद्यापीठाची विद्या घरच्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच बंद झाला होता. मराठीत अभ्यासण्याजोगे ग्रंथ आहेतच कोठे, असा आक्षेप वारंवार घेतला जाई. रानड्यांनी या आक्षेपाला रागाने उत्तर दिले नाही. त्यांनी मराठीत छापल्या गेलेल्या पुस्तकांचा विषयवार आढावा घेतला आणि 1898 साली मराठी वाङ्मयाच्या वाढीविषयीचे आपले टिपण प्रसिद्ध केले. काय आहे, काय नाही, कोठे वाढ झाली, कोठे उणीव राहिली, हे त्यांनी मोजून दाखविले. सभेत प्रस्ताव नापसंत झाला तरी ते खचत नसत. पुढच्या वेळी अधिक तयारीने तो पुन्हा आणीत. हृदयविकाराने शरीर थकले असताही हे काम त्यांनी सोडले नाही.

16 जानेवारी 1901 रोजी, साठीही गाठण्यापूर्वी, मुंबई येथे त्यांचा अंत झाला. विसाव्या शतकाच्या त्या आरंभकाळातच एम्. ए. च्या परीक्षेत मराठीस स्थान मिळाले. आज जो विद्यार्थी मराठी विषय घेऊन पदवी मिळवितो, त्याच्या वाटेवरचा पहिला दगड या पहिल्या पदवीधराने बाजूला सारलेला आहे. त्याचे फळ पाहण्यास मात्र ते स्वतः राहिले नाहीत.

या चरित्रापासून आमच्या वाचकांनी काय घ्यावे? सर्वांना न्यायमूर्ती होता येत नाही, आणि फेलो होणे हेही सर्वांच्या हाती नसते. परंतु रानड्यांनी जे केले त्याचे मूळ त्यांच्या अधिकारात नव्हते, आपलेपणात होते. आमच्या मनोरीची मुले पुढील शिक्षणासाठी मार्व्याच्या होडीने खाडी ओलांडून जातात. त्यांच्यापैकी कित्येक जण आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर ठरतात. त्यांची स्थिती 1862 सालच्या त्या चौघांहून फारशी निराळी नाही. त्यांनाही मागून येणाऱ्यांसाठी वाट करावयाची आहे. महाविद्यालयाचा मेळावा असेल तेव्हा त्यांनी अवश्य जावे. जुन्या सोबत्यांची विचारपूस करावी. कोणी आजारी असेल, कोणाचे काम सुटले असेल, तर ते कळून घ्यावे. आपल्या वेळी कोणत्या गोष्टीचा त्रास झाला, तो आजच्या मुलांना होतो काय, हे शिक्षकांना विचारावे. आणि परत येताना गावातील एखाद्या मुलाला अर्ज कसा भरावा, कोणता विषय घ्यावा, हे सांगण्याइतकी माहिती बरोबर आणावी.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. 1904 च्या कायद्याने नोंदणीकृत पदवीधरांना विद्यापीठाच्या सीनेटवर आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यानेही तो राखला असून प्रत्येक विद्यापीठाच्या अधिसभेत असे 10 प्रतिनिधी असतात. आपल्यापैकी जे पदवीधर आहेत, त्यांनी पदवीधरांच्या यादीत आपले नाव नोंदविले आहे काय? नसल्यास ते नोंदवावे व निवडणुकीच्या दिवशी मत द्यावे. परीक्षा उशिरा होतात, निकाल लांबतात, अशी तक्रार आपण घरी बसून करतो. ती योग्य ठिकाणी मांडण्याचा मार्ग कायद्याने आपणांस दिलेला आहे. रानड्यांना हा मार्ग मिळाला, तेव्हा त्यांनी पस्तीस वर्षे त्याचा उपयोग केला.

विद्यार्थिमित्रहो, पदवी ही घेऊन निघून जाण्याची वस्तू नव्हे. तिच्याबरोबर एक नाते येते. ते कसे पाळावे, हे शिकावयाचे असेल तर त्याची सुरुवात विद्यापीठात जाण्याची वाट न पाहता याच शाळेपासून करा. येथून गेल्यावर आपल्या शिक्षकांना पत्र लिहा, शाळेच्या संमेलनास या, मागच्या मुलांना आपली जुनी पुस्तके द्या. लहान नाते नीट पाळणाऱ्यास मोठे नाते पाळणे जड जात नाही.