नामदेवांच्या घरची दासी : संत जनाबाई

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गाव गोदावरीच्या तीरी वसलेले आहे. बाजारहाटाच्या निमित्ताने तेथे गेलेल्या आमच्या पुष्कळ वाचकांनी जनाबाईंचे मंदिर पाहिले असेल. जनाबाई ह्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांची विठ्ठलभक्ती हा आमच्या उपासनेचा मार्ग नव्हे. तथापि माणसामाणसांत उच्चनीच भाव कसा शिरतो, आणि देवाचे नाव घेणाऱ्या घरातही तो कसा टिकून राहतो, हे ज्यांस समजून घ्यावयाचे आहे त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील ह्या स्त्रीचे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे.

जनाबाईंचा जन्म तेराव्या शतकात गंगाखेड येथे एका शूद्र कुटुंबात झाला. परंपरेप्रमाणे त्यांच्या पित्याचे नाव दमा व मातेचे करुंड असे होते. पित्याने आपली ही लहान मुलगी पंढरपुरास नेऊन दामाशेटी नावाच्या शिंप्याच्या घरी कामास ठेविली. हे घराणे मूळचे नरसी-बामणीचे. ते गाव 1999 सालापर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. त्या वर्षी हिंगोली जिल्हा निराळा झाल्यावर ते तिकडे गेले. ह्याच दामाशेटींचे पुत्र संत नामदेव होत. नामदेव घरचे पुत्र, जनाबाई घरची दासी. दोघे एकाच छपराखाली वाढली आणि दोघांस एकाच देवाचा छंद लागला. परंतु एकाच्या वाट्यास कीर्तनाची वीणा आली व दुसरीच्या वाट्यास जात्याचा खुंटा आला.

त्या काळी दासीचे काम म्हणजे काय, हे आमच्या भगिनींस सांगण्याची गरज नाही. पहाटे उठून दळण, मग कांडण, सडासारवण, नदीवरून पाणी, धुणीभांडी, आणि रानात जाऊन गोवऱ्या वेचणे. अन्नवस्त्रावर राबणाऱ्या ह्या स्त्रीने काम करता करताच अभंग रचले. त्यांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात. ते नामदेवांच्या गाथेबरोबरच छापण्यात येत असतात, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या शेवटी जनाबाईंनी आपण नामदेवांची दासी असल्याचे लिहून ठेविले आहे. स्त्रीजन्म मिळाला म्हणून खिन्न होऊ नये, असेही त्यांनी आपल्या बहिणींस सांगितले. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी आमच्या खेड्यांतील बायका जात्यावर बसून ओव्या गात, तेव्हा जनीचे नाव त्यांच्या तोंडी सहज येई. कारण ही संत त्यांना आपल्यातलीच वाटत असे.

जनाबाईंच्या एका सुप्रसिद्ध अभंगात देव हा लेकुरवाळा बाप झाला आहे. ब्राह्मण कुळातील निवृत्ती, ज्ञानेश्वर, सोपान व मुक्ताबाई, गोरा कुंभार, आणि मंगळवेढ्याचे महार संत चोखामेळा, ही सारी त्या बापाभोवती व अंगाखांद्यावर आहेत. बापाच्या कुशीत जात कोठून असणार? परंतु दोन गोष्टी येथे विसरता कामा नये. ज्या चोखोबांस जनाबाईंनी देवाच्या जिवाजवळ बसविले, त्यांस पंढरीच्या देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. ते 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर असता भिंत कोसळून मरण पावले; आणि त्या देवळाचे दार अस्पृश्य मानिलेल्या बंधूंस उघडले ते 1947 साली, साने गुरुजींनी उपोषण केल्यावर. मध्ये सहाशे नऊ वर्षे गेली. गीतात जे एका क्षणात घडले, ते उंबरठ्यावर घडावयास इतका काळ लागला. दुसरी गोष्ट अशी की, त्या चित्रात नामदेवही बापाचे बोट धरून चालले आहेत. परंतु जनाबाईंनी स्वतःस कोठेही बसविले नाही.

त्यांच्याविषयीच्या कथा सर्वांस ठाऊक आहेत. देव पहाटे येऊन जनीबरोबर दळू लागला, तिच्यासाठी गोवऱ्या वेचू लागला, असे त्या कथा सांगतात. आणखी एक कथा अशी की, देव आपले रत्नजडित पदक जनीच्या खोपटात विसरून तिची वाकळ पांघरून देवळात परतला. पदक हरवल्याचे कळताच चोरीचा आळ जनीवर आला व तिला सुळावर देण्यास चंद्रभागेच्या वाळवंटात नेले. तेथे सुळाचे पाणी झाले. ह्या चमत्कारांस आम्ही इतिहास मानीत नाही. परंतु कथा रचणाऱ्या लोकांस जग चांगले ठाऊक होते, हे मात्र आम्ही मानतो. मोठ्या घरी वस्तू हरवली की पहिला संशय मोलकरणीवर जातो, हे त्यांनी पाहिले होते. आणि आम्हांस ठाऊक असलेल्या ह्या कथांत जात्याच्या दुसऱ्या बाजूस देव बसतो, पण घरातील एकही मनुष्य येऊन बसत नाही. ते घर भक्तांचे होते, दुष्टांचे नव्हते. तरीही दासीचा भार हलका करण्यास स्वर्गातून कोणी यावे लागले, कारण ओसरीवरून कोणी उठले नाही.

परंपरेप्रमाणे 1350 साली पंढरपुरास जनाबाईंचा अंत झाला. त्यांची कीर्ती वाढली, देवळे झाली. परंतु जन्मभर त्या दासीच राहिल्या.

प्रिय वाचकहो, दुसऱ्यांच्या घराकडे बोट दाखविण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. अनेसिम नावाचा दास आपल्या धन्यापासून दूर गेला असता बंदिवान पौलाने त्यास परत पाठविले, व त्यास दास नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे, असे फिलेमोनास लिहिले. हे पत्र प्रत्येक ख्रिस्ती राष्ट्राच्या हाती होते. तरी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करण्याचा कायदा 1833 साली झाला, हिंदुस्थानात 1843 साली, आणि अमेरिकेत तर मोठ्या युद्धानंतर 1865 साली. सत्य वाचणे निराळे व त्याप्रमाणे उठून हात लावणे निराळे.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांची मुळे गावकुसाबाहेरील वस्त्यांत आहेत. अपमान म्हणजे काय, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी सोसलेले आहे. असे असता सोयरीक जुळविताना जुनी जात आमच्यातच विचारली जात नाही काय? नोकरदार बंधू आला की पुढची खुर्ची, आणि शेतमजूर बहीण आली की दाराजवळची चटई, असे होत नाही काय? सोन्याची आंगठी घालून आलेल्या मनुष्याविषयी याकोबाने जी तंबी दिली, ती आम्हांलाच आहे. नाताळाच्या प्रीतिभोजनात सर्वांच्या शेवटी कोण जेवते, आणि खरकटी भांडी दर वर्षी कोण घासते, हे एकदा प्रत्येक मंडळीने पाहावे. ती नावे पुन्हा पुन्हा तीच निघाली, तर आमच्यामध्येही एक जनी आहे व आम्ही ओसरीवर बसलो आहो, असे समजावे.

आमच्या प्रभूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि तसेच आपणही एकमेकांचे करावे म्हणून सांगितले. जात्याच्या दुसऱ्या बाजूची जागा त्याने आम्हांकरिता ठेविली आहे. तेथे जाऊन बसण्याची नम्रता तो आम्हां सर्वांस देवो.