सिलिंडरमागचे शाळामास्तर

ऑक्सिजनचा सिलिंडर किती भरलेला आहे, हे दाबाच्या काट्यावरून कळते. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरचे तसे नाही. आतला वायू दाबाखाली द्रवरूप झालेला असतो आणि द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जवळपास जागचा हलत नाही. खरा साठा कळतो तो वजनावरून. या वागण्यामागचे गणित योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी मांडले.

त्यांचा जन्म १८३७ साली नेदरलँड्समधील लायडन येथे झाला. वडील सुतार, दहा भावंडांत हे थोरले. शिकून ते शाळामास्तर झाले. लॅटिन आणि ग्रीक येत नसल्याने विद्यापीठाची परीक्षा देता येत नव्हती, तरी नोकरी सांभाळून ते तिथली व्याख्याने ऐकत राहिले. पुढे या अटीतून सवलत मिळाली आणि १८७३ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

बॉइलचा नियम कमी दाबाला चालतो, पण दाब वाढला की वायूची घनता त्या हिशेबात बसत नाही. व्हॅन डर वाल्स यांनी त्यात दोन दुरुस्त्या केल्या: रेणू स्वतः जागा व्यापतात आणि ते एकमेकांना ओढतात. त्यामुळे वायू आणि द्रव या दोन्ही अवस्था एकाच समीकरणात आल्या. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाबले तरी द्रव होत नाही. नायट्रस ऑक्साइडसाठी ते सुमारे ३६ अंश सेल्सिअस आहे, तर ऑक्सिजनसाठी उणे ११८.

१८७७ मध्ये ते ॲमस्टरडॅमला प्राध्यापक झाले. पण १८८१ मध्ये पत्नी ॲना क्षयाने गेली. मागे चार मुले. क्षयाचा जंतू कॉखने जाहीर केला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. औषध यायला आणखी साठेक वर्षे लागली. या धक्क्यानंतर जवळजवळ दहा वर्षे व्हॅन डर वाल्स यांच्या हातून फारसे लेखन झाले नाही. त्यांनी पुन्हा लग्नही केले नाही.

१८९० मध्ये ते परतले ते मिश्रणांचा सिद्धांत घेऊन. दोन वायू एकत्र आले की सजातीय रेणूंच्या ओढीबरोबर परक्या रेणूंमधली ओढही मोजावी लागते. मिश्रणाची घनता तिच्यावरही अवलंबून असते. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडचे निम्मे-निम्मे मिश्रण देतात. एरवी त्या दाबाला द्रव झाला असता असा नायट्रस ऑक्साइड ऑक्सिजनच्या संगतीत वायूच राहतो. मात्र सिलिंडर उणे ६ अंशांच्या आसपास थंडावला, तर तो द्रव होऊन खाली बसू लागतो. मग आधी ऑक्सिजन अधिक येतो आणि शेवटी जवळपास नुसता नायट्रस ऑक्साइड. हे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून असे सिलिंडर थंडीपासून जपावे लागतात.

व्हॅन डर वाल्स यांना १९१० मध्ये नोबेल मिळाले; १९२३ मध्ये ते गेले. नेमक्या आकड्यांसाठी आज सुधारित समीकरणे वापरतात, पण त्यांचा पाया या शाळामास्तरांनी घातलेलाच आहे.