लॉर्ड रदरफोर्ड

न्यूझीलंडमधील नेल्सन शहराजवळच्या ब्राइटवॉटर या खेड्यांत ता. ३० ऑगस्ट १८७१ रोजीं अर्नेस्ट रदरफोर्ड यांचा जन्म झाला. वडील गाड्यांचीं चाकें बनवीत. आई लग्नापूर्वीं शिक्षिका होती. भावंडें बारा व मिळकत बेताची. तथापि मुलांनीं शिकावें असा आईबापांचा निश्चय होता. शिष्यवृत्त्यांच्या बळावर अर्नेस्टनें शिक्षण पुरें केलें. विलायतेची शिष्यवृत्ति प्रथम दुसऱ्यास मिळाली होती. त्यानें ती नाकारली, म्हणून रदरफोर्ड १८९५ सालीं केंब्रिजला जाऊं शकले.

१९०८ सालीं त्यांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्यांचें सर्वांत थोर कार्य यापुढेंच व्हावयाचें होतें. १९०९ मध्यें मँचेस्टर येथें त्यांचे सहकारी गायगर व मार्सडेन हे धातूंच्या पातळ वर्खांवर आल्फा कण सोडीत होते. बहुतेक कण आरपार जात. पण सुमारें आठ हजारांत एखादा उलट मागें फिरे. दुसऱ्या कोणीं याकडे दुर्लक्ष केलें असतें. रदरफोर्ड यांनीं मात्र त्यावर दीर्घकाळ विचार केला, व १९११ मध्यें दाखवून दिलें कीं, अणूचें बहुतेक सारें वजन मध्यभागीं एका अतिसूक्ष्म गर्भांत एकवटलेलें असतें.

हा गर्भ कशाचा बनला असेल? रेडियमच्या गर्भांतून आल्फा कण बाहेर पडतात. तेव्हां ते आंत विटांप्रमाणें रचलेले असावेत, असें त्यांस वाटे. पुढें १९३२ मध्यें त्यांचेच शिष्य चॅडविक यांनीं न्यूट्रॉन शोधून काढला आणि प्रोटॉन व न्यूट्रॉन हेच गर्भाचे घटक ठरले. तरी गुरूचा तर्क अगदींच वायां गेला नाहीं. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन मिळून आल्फा कण होतो, आणि ही चौकडी फार घट्ट असते. २०११-१२ मध्यें जर्मनी व अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं कार्बनचे बारा कण व त्यांच्यांतील बळें महासंगणकावर गणितानें मांडून पाहिलीं. तेव्हां कार्बनच्या एका उत्तेजित अवस्थेंत अशा तीन चौकड्यांचे पुंजके त्यांस आढळले. याच अवस्थेमुळें ताऱ्यांच्या पोटांत कार्बन विपुल तयार होतो. आपल्या देहांतील कार्बनही तेथलाच.

जानेवारी १९३८ मध्यें कलकत्ता येथें भरणाऱ्या विज्ञान परिषदेचें अध्यक्षपद ते भूषविणार होते, परंतु ता. १९ ऑक्टोबर १९३७ रोजीं केंब्रिज येथें त्यांचें निधन झालें. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें न्यूटनच्या समाधीजवळ त्यांच्या अस्थि विसावल्या आहेत.

विद्यार्थ्यांनो, आठ हजारांतील त्या एका कणाची ज्यानें उपेक्षा केली नाहीं, त्यालाच अणूचें अंतरंग दिसलें. आपल्या वहींतील न जुळणाऱ्या उत्तराकडेही असेंच एकवार थांबून पहावें.