अधिकारीपदाची वाट रुंदावणारे यशवंतराव

नांदेड-लातूर परिसरात दहावी-बारावीचे निकाल लागले, की चर्चा रंगते ती वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांची. लष्करात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलाने कोणते महाविद्यालय निवडावे, हा प्रश्न बहुतेक घरांत अनुत्तरितच राहतो. त्याच्या उत्तराच्या ज्या वाटा आहेत, त्यांतील काहींवर यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीची मुद्रा उमटलेली आहे.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे सामान्य शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. आई विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढविले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले आणि १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. तरीही कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये पदवी आणि १९४१ मध्ये पुण्यात कायद्याची पदवी त्यांनी मिळविली. गरिबाच्या मुलाला शिक्षणासाठी करावी लागणारी ओढाताण त्यांनी स्वतः अनुभवली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी यशवंतराव मुख्यमंत्री झाले. निजामी राजवटीपासून येथील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जखडलेले होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, लातूरच्या विद्यार्थ्यांना पदवीचे दार जवळ आले.

त्या काळी सैन्यातील अधिकारीवर्ग मोजक्या प्रांतांतून आणि सुस्थितीतील घराण्यांतून येत असे. हा असमतोल दूर करण्यासाठी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात सैनिकी शाळांची योजना पुढे आली. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली, तेव्हा राज्याची सूत्रे यशवंतरावांकडे होती.

पुढच्याच वर्षी चीनने आक्रमण केले. पराभवाने खचलेल्या देशाचे संरक्षण खाते नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांच्यावर सोपविण्यात आले. सैन्यविस्तारासाठी तातडीने अधिकारी हवे होते. १९६३ मध्ये मद्रासला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उभे राहिले आणि महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली. सक्ती फार काळ टिकली नाही. १९६८ मध्ये एनसीसी पुन्हा ऐच्छिक झाली. मद्रासचे केंद्र मात्र टिकले आणि १९८८ पासून ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६५ चे युद्ध यशवंतरावांच्याच कार्यकाळात लढले गेले. १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आज नांदेडला ५२ आणि लातूरला ५३ महाराष्ट्र एनसीसी बटालियन आहे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र अपेक्षित श्रेणीत मिळविणाऱ्या पदवीधराला विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेविना थेट सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीस बसता येते. निवड झाल्यास प्रशिक्षण चेन्नईच्या त्याच अकादमीत होते. १९९२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. म्हणूनच महाविद्यालय निवडताना निकालाच्या टक्केवारीबरोबर तेथे एनसीसीची वरिष्ठ तुकडी आहे काय, ‘सी’ प्रमाणपत्रापर्यंत किती छात्र पोहोचतात आणि मैदान रोज वापरात असते काय, याची चौकशी पालकांनी प्रवेशापूर्वीच करायला हवी. पदवीच्या शेवटच्या वर्षी हे भान आले, तर ही वाट हातची निसटलेली असते.